चारशे पोळ्यांची सुई

माझी पहिली तबकडी उलटी आली.

मोटारीत वेग दाखवतात तशी अर्धगोल तबकडी आणि तिच्यात एक सुई, एवढंच मला पडद्यावर हवं होतं. याला गेज चार्ट म्हणतात. मी जी प्रोग्रॅमिंगची लायब्ररी वापरत होतो, तिच्यात चित्र हाताने काढायचं नसतं, नुसतं लिहून सांगायचं असतं: कमान या कोनातून सुरू कर, त्या कोनात संपव, किमान आकडा इतका, कमाल इतका, सुई एवढी लांब. मी ऐटीत लिहिलं, शून्यापासून एकशे ऐंशीपर्यंत. कमान वरून जायच्या ऐवजी खालून फिरली आणि ठाण्यात बाळकुमच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, माझ्यासमोर एक देखणी कढई तयार झाली. मी तिचा फोटो ताईला पाठवला.

लगेच ताईचा फोन. "छान आहे कढई. आता हिच्यात काय तळणार आहेस?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. डोंबिवली पूर्वेला एका गल्लीत तिचं पोळी-भाजी केंद्र आहे. एक गाळा, तीन शेगड्या, ती स्वतः आणि पाच जणी. मी ठाण्यातल्या एका ऑफिसात चार्ट काढून पोट भरतो, पण ते खांबांचे आणि रेघांचे. सुई मागणारं मला आयुष्यात कोणी भेटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इथेही कोणी मागितली नव्हती. मीच देऊ केली.

त्याचं असं झालं. ठाण्यातल्या एका कंपनीच्या कँटीनला रोज चारशे पोळ्या हव्या होत्या. ही ऑर्डर मिळावी म्हणून ताईचा जीव खालीवर होत होता, कारण दर वर्षी मे महिना आला की तिची निम्मी गिऱ्हाइकं गावाला जातात, कोणी कोकणात, कोणी घाटावर, आणि तिला पाचांतल्या दोघींना महिनाभर घरी बसवावं लागतं. ते सांगताना तिचा चेहरा बघवत नाही. या वर्षी तिने आधीच सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं, "यंदा मी कोणाला घरी बसवणार नाही." बोलून मोकळी झाली, आणि मग हबकली. कारण ऑर्डर अजून मिळायची होती.

ताईबरोबर मीही कँटीनमध्ये बोलणी करायला गेलो. तिथली मॅनेजर तिशीतली, बोलायला चोख. ती म्हणाली, "मावशी, तीन दिवस बघू, मग ठरवू. पण पोळ्या अर्ध्या झाल्या की मला कळलं पाहिजे. तेव्हा मी इथून टेम्पो सोडते. तुमच्याकडे पोचायला त्याला तासभर लागतो, तेवढ्यात उरलेल्या अर्ध्या व्हायला हव्यात. टेम्पो थांबू शकत नाही, त्याला पुढे दोन फेऱ्या असतात."

"फोन करीन की," ताई म्हणाली.

"आधीच्या बाईसुद्धा हेच म्हणाल्या होत्या. हात पिठात आणि फोन पिशवीत."

मी खुर्चीतून उठलो. मला बसून बोलता येत नाही, बसून ऐकताही येत नाही. तरुणपणी हौशी नाटकांत प्रकाशयोजना करायचो, तेव्हापासून शांत खोलीत गेलो की मला कुठलं तरी बटण दाबावंसं वाटतं.

"मॅडम," मी हात पसरून म्हणालो, "आम्ही तुम्हाला सुई देतो!"

"सुई कशाला, काका?"

काका हा शब्द मी गिळला आणि सगळं समजावून सांगितलं. गाळ्यात भिंतीवर एक जुना फोन बसवायचा. दहा पोळ्यांची चवड डब्यात गेली की त्यावरचं बटण एकदा दाबायचं. प्रत्येक दाबण्याला सुई पुढे सरकणार, आमच्या भिंतीवर आणि तुमच्या टेबलावर एकाच वेळी. सुई मध्यावर उभी राहिली की टेम्पो सोडा. हाताला पीठ असलं तरी चालेल, कोपराने दाबू. मॅनेजरने मान हलवली. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की, बाहेर ये, मग सांगते.

मी तीन दिवसांची रजा टाकली. कढई उलटी करून तिची तबकडी केली, सुई बारीक केली, आणि ती जागेवर पोचताना जराशी पुढे जाऊन मागे येईल अशी तिला थरथर दिली. त्यात माझा एक अख्खा रविवार गेला. बायकोने विचारलं, "ही थरथर कशासाठी?" मी म्हटलं, "नाट्य आहे." ती म्हणाली, "ते घरात आधीच एक आहे."

सोमवारी सकाळी सहाला फोन भिंतीवर लागला. बटणाचं काम शेजारच्या ठाकुर्लीहून येणाऱ्या बाईंकडे गेलं, कारण त्या तव्यावर असतात आणि पोळीची चवड त्यांच्याच हातून डब्यात जाते. पाच जणींत त्या सगळ्यांत नवीन. म्हणजे मे महिन्यात कोणाला घरी बसवायची वेळ आली, तर पहिला नंबर त्यांचाच. हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या पोळीला चपाती म्हणतात, बटणाला स्विच म्हणतात आणि मला भाऊ.

ताईने हात धुतले, वळली, आणि तबकडी पाहून जागच्या जागी थांबली.

"हे काय?"

"सुई."

"आडवी का पडलीये?"

"शून्यावर आहे. अजून एकही पोळी झालेली नाही."

"दुकान उघडताना समोर आडवी सुई? अरे, आजाऱ्यासारखी दिसते ती. आणि खाली तो भोपळा कशाला काढलायस?"

"तो आकडा आहे, ताई. शून्य. पोळ्या झाल्या की बदलेल."

"अन्नाचा आकडा असा भिंतीवर टांगायचा नसतो."

"विकताना मोजतेस की!"

"मोजते. मिरवत नाही."

ताईचं स्वयंपाकघर माझ्या परिचयाचं आहे. तिथे पिठाचा डबा तळापर्यंत कधी रिकामा होत नाही. तळाशी मूठभर ठेवून वर नवं पीठ ओततात. भाताच्या पातेल्यात चार शितं राहतात. ज्या बाईने चाळीस वर्षं रिकामं भांडं डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही, तिच्यापुढे मी रिकामेपणाची तबकडी टांगली होती, तीही थरथरणारी.

"माझ्या घरी असलं काही पाळत नाहीत," ठाकुर्लीच्या बाई तव्यावरून म्हणाल्या. "शून्य तर शून्य. शून्याला काय घाबरायचं?"

"तू तुझ्या तव्याकडे बघ," ताई म्हणाली.

सोमवार तसा सुरळीत गेला. दोनशेला सुई मध्यावर उभी राहिली, मॅनेजरने टेम्पो सोडला, तो आला तेव्हा शेवटची चवड डब्यात जात होती. पण ताई दिवसभर धुमसत होती. सुईकडे पाठ करून लाटत होती, आणि एरवी तिची एकही पोळी कधी वाकडी होत नाही, त्या दिवशी दोन झाल्या. मी डब्यावरून उठून पिंपावर बसत होतो, पिंपावरून उठून दारात जात होतो. शेवटी ती ओरडली, "एका जागी राहा, नाहीतर लाटायला बस!"

संध्याकाळी बाळकुमला घरी पोचलो तो डोक्यात एकच गोष्ट. ताईला आडवी सुई बघवत नाही ना? मग ती आडवी दिसायलाच नको. उपाय एका ओळीचा होता. तबकडीचं किमान शून्याऐवजी उणे शंभर केलं. आता डावं टोक उणे शंभर, उजवं टोक चारशे, आणि खऱ्या शून्यावर सुई आपोआप पाचव्या हिश्शावर, झोपेतून उठून बसलेल्या माणसासारखी. कडेला उणे शंभर लिहिलेलं दिसलं असतं, म्हणून कडेचे सगळे आकडे बंद केले. ताईला मधला आकडा नको होता, तोही बंद केला. उरली नुसती कमान आणि सुई. पूर्वी नेपथ्याला ठिगळ असलं की मी तिथला दिवा मालवायचो. तोच आनंद मला परत झाला. मी स्वतःवर खूश होऊन आंघोळ केली.

मंगळवारी ताईने तबकडी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"हं. आता कशी ताजीतवानी वाटते."

ठाकुर्लीच्या बाईंनी मात्र तव्यावर पाणी शिंपडता शिंपडता मान वळवली. "भाऊ, मी अजून एक चपाती टाकली नाही. ही वर कशी?"

"उत्साह आहे तिला."

"उत्साह तुम्हाला आहे," त्या म्हणाल्या, आणि बाकीच्या चौघी हसल्या. मीही हसलो. खरं सांगायला त्यांनी मला दरवाजा उघडून दिला होता, आणि मी आत न जाता नमस्कार करून पुढे गेलो.

काम जोरात सुरू झालं. लाटण्यांचा आवाज, तव्याची वाफ, कोपराचा ठोका, सुईची थरथर. पोळ्या साडेतीनशेपर्यंत आल्या आणि गल्लीत हॉर्न वाजला.

ताईने घड्याळ पाहिलं. "हा एवढ्यात कसा आला?"

टेम्पोवाल्याने डोकं आत घातलं. "चला, द्या."

"अजून पन्नास व्हायच्यात!"

"ते मला नाही माहीत, काकू. मॅडमचा फोन आला तेव्हा मी निघालेलो. दोन मिनिटं थांबतो, त्याच्या वर नाही. मागे बघा ना, रिक्षा अडकल्यात."

दोन मिनिटांत सहा बायका काय करू शकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मला कोणीतरी पोळपाटाकडे ढकललं आणि मी एक पोळी लाटली. ती महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, कोकणाच्या किनाऱ्यासकट. ताईने ती उचलून गुपचूप बाजूला ठेवली. मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न, पुढून टेम्पोवाल्याचा. तीनशे साठवर त्याने डबे ओढले आणि तो गेला.

"उरलेल्या चाळीस मी नेतो," मी म्हणालो. मला असं काहीतरी म्हणावंच लागतं.

दहा मिनिटांनी, मांडीवर चाळीस पोळ्यांचा गरम डबा घेऊन मी रिक्षात बसलो. ठाण्यापर्यंत यायला रिक्षावाला कसाबसा कबूल झाला होता. खाडीवरच्या पुलावर रिक्षा चढली तसा मी फोन काढला. टेम्पो लवकर का सुटला? बाईंचं कोपर दोनदा लागलं? मी नोंदी उघडल्या. एकही दाबणं चुकलेलं नव्हतं. मग मी तबकडीची सेटिंग उघडली आणि त्या एका ओळीकडे पाहिलं. उणे शंभर ते चारशे. यांचा मध्य किती? मी बोटांवर मोजलं. दोनशे नाही. दीडशे.

मॅनेजरने नियम पाळला होता. सुई मध्यावर उभी राहिली, तिने टेम्पो सोडला. फक्त तो मध्य पन्नास पोळ्या आधीच आला होता, आणि ते कळायला तिच्याकडे एकही आकडा नव्हता, कारण सगळे आकडे मी मालवले होते. डबा मांडीला चटके देत होता. मी तो हलवलाही नाही.

कँटीनमध्ये पोचलो तेव्हा रांगेचा शेवट नुसत्या भातावर भागवत होता. चाळीस पोळ्या आल्यावर दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला अजिबात आवडल्या नाहीत. मॅनेजरने मला कोपऱ्यात बोलावलं.

"काका, सुई अर्ध्यावर होती. मी नीट बघून टेम्पो सोडला."

"हो."

"मग पोळ्या कमी कशा? ते बटण दाबणाऱ्या बाई घाईत दोनदा दाबतात का? की चवड पुरी व्हायच्या आधीच दाबतात? त्यांच्या जागी दुसरं कोणी बसवता येईल का?"

मी स्वतःबद्दल चांगलं सांगणारा माणूस आहे, म्हणून हेही सांगतो: त्या क्षणी माझ्या तोंडात "बघतो मी त्यांच्याशी बोलून" हे वाक्य अख्खं तयार होतं. किती सोपं होतं ते. संध्याकाळी घरी जाऊन किमान परत शून्य केलं असतं, बुधवार बिनचूक गेला असता, मॅनेजरला वाटलं असतं बाईंना समज मिळाली. ऑर्डर मिळाली असती. आणि मे महिन्यात कोणाला बसवायचं हा प्रश्न पुन्हा कधी आलाच असता, तर त्याचं उत्तर मीच देऊन ठेवलं असतं.

"बाईंचं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो. "सुई मी उचलून ठेवलेली आहे."

"म्हणजे?"

मी सांगितलं. उणे शंभर, लपवलेले आकडे, सगळं. हात न पसरता सांगितलं. बहुधा बसूनच.

"पण का?"

"बहिणीला सकाळी सुई आडवी बघवत नव्हती."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "काका, माझी वीस माणसं आज भातावर जेवली. मावशींच्या पोळ्या मला आवडल्यात. उद्या तबकडी शून्यापासून हवी, आणि आकडा दिसला पाहिजे. नसेल जमत तर उद्या टेम्पो पाठवत नाही."

डोंबिवलीला परत आलो. गाळ्यात दुपारची भांडी घासून झाली होती आणि सहाही जणी माझी वाट बघत होत्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. आधी ठाकुर्लीच्या बाई बोलल्या.

"म्हणजे माझ्या कोपरावर आळ आलेला?"

"आलेला. मी काढला."

"घातलातही तुम्हीच ना?"

मी मान हलवून कबूल केलं.

"सकाळीच म्हटलं मी, ही वर कशी. तर म्हणे उत्साह." त्यांनी फडकं झटकलं. "भाऊ, मला विचारायचं होतंत. मी आठवी शिकले, पण अर्धं कुठे येतं ते मला कळतं."

मग ताई हळूच म्हणाली, "त्याचं नाही चुकलं. माझ्यासाठी केलं त्याने." आणि लगेच, "पण उद्या मी ते शून्य बघणार नाही. ऑर्डर जाऊ दे गेली तर."

ऑर्डर गेली तर कोण जाणार, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि जिला सगळ्यांत जास्त माहीत होतं तीच तव्याला तेलाचा हात लावत उभी होती.

"शून्य बघायचं नाही ना ताई तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग सुई सहाला चालूच करायची नाही. मी साडेपाचला येते, तुम्हीही या. दोघी मिळून पहिली चवड काढू. खऱ्या दहा चपात्या डब्यात गेल्या की भाऊ फोन लावतील. तुमच्यासमोर शून्य येणारच नाही, आणि मॅडमशी खोटंही नाही."

ताई त्यांच्याकडे वळली. "साडेपाचला तुला ठाकुर्लीहून कशी रिक्षा मिळणार?"

"चालत येईन, नाहीतर नवरा सोडेल. ते माझं मी बघते."

मी डिग्रीवाला, बत्तीस वर्षांच्या नोकरीचा. मी शून्याची जागा हलवली होती. त्यांनी कामाची वेळ हलवली.

"आणि तो आकडा?" ताईने शेवटचा किल्ला लढवला. त्याचं उत्तर बुधवारी सकाळी मिळालं. मी पोचलो तेव्हा भिंतीवरच्या फोनवर, आकडा येतो बरोबर त्या जागी, पापडाच्या पाकिटाचा एक तुकडा चिकटपट्टीने लावलेला होता. मॅनेजरच्या टेबलावर आकडा दिसत होता. आमच्या भिंतीवर उडदाचे पापड.

पहिली चवड डब्यात गेल्यावर, ताईची पाठ वळलेली असताना मी फोन चालू केला. किमान शून्य, कमाल चारशे, आकडे जागेवर. बाईंनी कोपराने बटण दाबलं आणि सुई दहावर आली. दहा म्हणजे चारशेत किती? केसभर. पण ताईने चष्मा वर केला, जवळ जाऊन निरखून पाहिलं आणि म्हणाली, "उठलीये." मग लाटायला बसली.

त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडापासून गाळ्यापर्यंत किती खेपा घातल्या देव जाणे. शेजारच्या शिंप्याने विचारलं, कोणी दवाखान्यात आहे का. दोनशेला टेम्पो सुटला. तो आला तेव्हा चारशे पोळ्या मोजून डब्यात होत्या, वर दोन, टेम्पोवाल्यासाठी. तो म्हणाला, "आज काय, आज वेळेवर?" ताई म्हणाली, "तू खा आणि जा."

मग फोनची वाट. एक वाजला, दोन वाजले. ताई उगाच स्वच्छ ओटा पुन्हा पुसत होती. तिच्या हातून फडकं काढून घेतलं तर तिने दुसरं घेतलं. अडीचला फोन वाजला, तो माझा.

"काका, सोमवारपासून रोज. शनिवार-रविवार सोडून. मावशींना सांगा."

"सांगतो, मॅडम! मी तर म्हणतो ही तबकडी आपण जराशी आणखी..."

"नको. तिला आता हात लावू नका."

मी ताईला सांगितलं. ती पिंपावर बसली, जिथे तीन दिवस मी बसत होतो, आणि पदराने चेहरा पुसला. घाम होता म्हणाली. चौघी एकदम बोलायला लागल्या. ठाकुर्लीच्या बाई तेवढ्या गप्प, तवा उलटा करून ठेवत होत्या.

"ऐकलंस ना?" ताई त्यांना म्हणाली. "मे महिन्यात कोणी घरी बसणार नाही."

"ऐकलं. पण ताई, मे महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न आहे. मला आठ दिवस सुट्टी पाहिजे."

ताईने पदर खाली केला. "आठ? लग्न तुझ्या पुतणीचं की तुझं?"

"हळद आहे, मांडव आहे, परतावणी आहे."

"चार घे."

"सात."

"अगं, आत्ता ऑर्डर मिळाली, जरा श्वास तर घेऊ दे! पाच."

"सहा, आणि माझ्या जागेवर त्या दिवसांत माझी जाऊ येईल. तिला मी आधीच विचारलंय."

"कधी विचारलंस?"

"काल," बाई म्हणाल्या, आणि पिशवी खांद्याला लावून दारातून बाहेर पडल्या.